केबल काढताय? आधी आजीच्या हातात रिमोट द्या

केबल काढायची ठरली की माणूस आधी दुकानात जातो. स्टिक (टीव्हीच्या मागं लावून नेटवरची ॲप दाखवणारं छोटं यंत्र) घेतो, नाहीतर स्मार्ट टीव्ही हप्त्यावर उचलतो, आणि घरी आल्यावर विचारतो, "भाऊ, आता याला नेट कुठून आणू?" मग मला फोन येतो. मी खान्देशातल्या अमळनेरचा. आधी केबलची लाइन ओढायचो, आता त्याच शिडीवर चढून नेटची फायबर वायर ओढतो. मालकही तोच, कारण आमच्याकडच्या बऱ्याच केबलवाल्यांनी वारं ओळखून नेटचा धंदा सुरू केला. त्यामुळे मला केबलचा राग नाही आणि ॲपचं फार कौतुकही नाही. माझी शिडी दोन्हीकडे चालते.

क्रम मात्र सरळ ठेवा: आधी माणसं, मग नेटची लाइन, मग यंत्र, आणि ॲपची वर्गणी सगळ्यात शेवटी. माणसांतही सुरुवात अशा माणसापासून करा, ज्याला रिमोटवरची चालू-बंद, आवाज आणि चॅनेल पुढं-मागं एवढीच बटणं माहीत आहेत. बहुतेक घरांत ती आजी असते, काही घरांत आबा. तिला जमलं तर केबल निघाली समजा. तिला नाही जमलं तर तुम्ही दोन्हीकडे पैसे भरत राहणार. अशी घरं आमच्या भागात गल्लोगल्ली आहेत: टीव्हीच्या मागं स्टिक लटकलेली, खाली केबलचा डबा तसाच, आणि महिन्याला दोन बिलं.

कोण काय बघतं, ते लिहून काढा

कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर आठवडाभर लिहा. कोणी, किती वाजता, कोणतं चॅनेल. तोंडी विचारू नका. तोंडी विचारलं की घरातले म्हणतात, "आम्हाला सगळंच लागतं." लिहिलं की यादी सहा-सात नावांवर येऊन थांबते: संध्याकाळच्या दोन मालिका, एक बातम्यांचं चॅनेल, पोरांचं कार्टून, क्रिकेट, आणि दुपारी कोणीच बघत नसताना चालू असलेला हिंदी सिनेमा.

आता त्या नावांपुढं ॲप लिहा. स्टार प्रवाह आणि कलर्स मराठी, दोघांच्याही मालिका जिओहॉटस्टारवर. जिओसिनेमा आणि डिस्ने हॉटस्टार १४ फेब्रुवारी २०२५ ला एक झाले, तेव्हापासून ही सोय झाली. झी मराठी म्हणजे झी५. सोनी मराठी म्हणजे सोनी लिव्ह. सन मराठी म्हणजे सन नेक्स्ट. मराठी बातम्यांची बहुतेक चॅनेलं यूट्यूबवर दिवसभर थेट चालू असतात, फुकट. सह्याद्री वाहिनी प्रसार भारतीच्या वेव्ज ॲपवर आहे. हे ॲप नोव्हेंबर २०२४ मध्ये आलं आणि त्यावरची दूरदर्शनची चॅनेलं फुकट दिसतात. आणि अहिराणी गाणी, अहिराणी कॉमेडी यासाठी तर केबलचा कधी उपयोगच नव्हता. ते सगळं यूट्यूबवरच वाढलं. लग्नसराईत डीजेवर वाजणारं गाणं संध्याकाळी घरच्या टीव्हीवर बघायचं, हा आमच्याकडे स्टिक घेण्यामागचा फार मोठा हेतू असतो, कोणी कबूल करो न करो.

या यादीतून एक गोष्ट लगेच कळते. घरात झी मराठीचीच मालिका चालत असेल तर जिओहॉटस्टार घेऊन उपयोग नाही, आणि उलटंही तसंच. लोक पाच ॲप घेतात आणि बघतात दीड.

आता पैशाचं खरं सांगतो. केबलला २०२० च्या नियमांपासून पहिल्या २०० चॅनेलांचं मूळ भाडं जास्तीत जास्त १३० रुपये होतं. त्यावर १८ टक्के जीएसटी धरून १५३ रुपये ४० पैसे. ही कमाल मर्यादा ट्रायने (केबल-फोनचे नियम करणाऱ्या सरकारी संस्थेने) २०२४ मध्ये काढून टाकली, पण अंदाजाला तो आकडा चालतो. वर मराठी-हिंदी पॅक घेतले की बिल तीनशेच्या आसपास जातं. फायबरचा तीस एमबीपीएसचा (हे नेटच्या वेगाचं माप) साधा प्लॅन चारशे रुपयांच्या आसपास, अधिक जीएसटी. म्हणजे फक्त टीव्हीसाठी नवं नेट घेत असाल तर केबल काढून पैसे वाचत नाहीत, उलट वाढतात. घरात पोरांच्या अभ्यासाला, दुकानाच्या कामाला नेट आधीच असेल, तर मात्र केबलचे पैसे निव्वळ वाचतात. हा हिशोब केल्यावर काही घरांना मी सांगतो की राहू द्या, केबलच बरी. मालकाला हे सांगू नका.

लाइन

यंत्र कितीही भारी घ्या, लाइन मेली तर काही चालत नाही. विहिरीला पाणी नसताना पाच एचपीची मोटार बसवून काय उपसणार?

किती वेग लागतो, याचं लोकांना उगाच दडपण असतं. नेटफ्लिक्सच्या मोजमापाप्रमाणे साध्या एचडीला ३ एमबीपीएस, फुल एचडीला ५ आणि फोर-केला १५ पुरतात. म्हणजे तीस एमबीपीएसच्या लाइनवर दोन टीव्ही आणि पोरांचे मोबाइल आरामात चालतात. शंभर-दोनशे एमबीपीएसचा प्लॅन विकायला येणाऱ्याला विचारा, "आमच्याकडे एवढं ओढणार कोण?"

वेगापेक्षा डेटा बघा. एचडी चित्र तासाला साधारण ३ जीबी खातं. रोज चार तास टीव्ही चालला तर दिवसाचे १२, महिन्याचे ३६० जीबी. फायबरच्या 'अनलिमिटेड' प्लॅनांना बहुधा ३३०० जीबीची मर्यादा असते, तिथं प्रश्न नाही. टॉवरवरून येणाऱ्या एअरफायबरला १००० जीबीची मर्यादा असू शकते, तरी पुरतं. पण मोबाइलच्या हॉटस्पॉटवर टीव्ही चालवायचा विचार असेल तर सोडून द्या. रोज २ जीबीचा पॅक पाऊण तासाच्या आत संपतो, मालिका अर्ध्यावर आणि रात्रीचं व्हॉट्सॲप पण गेलं.

फायबर की एअरफायबर? दारापर्यंत फायबर येत असेल तर डोळे मिटून फायबर. तापीकाठच्या किंवा सातपुड्याच्या पायथ्याच्या गावांत जिथं वायर पोचली नाही, तिथं एअरफायबर ठीक आहे. पण घेण्याआधी बसवणाऱ्याला गच्चीवर नेऊन टॉवर कोणत्या बाजूला आहे ते दाखवायला लावा. मध्ये मोठं झाड किंवा शेजाऱ्याचा नवा मजला असेल तर कटकट होणार.

जोडणी घेताना लाइनमनला दोन प्रश्न विचारा. पहिला: "तुमच्या ऑफिसला लाइट गेल्यावर बॅकअप किती?" तुमच्या घरी इन्व्हर्टर असून भागत नाही, कारण फायबरच्या दुसऱ्या टोकाचं मशीन बंद पडलं की तुमचं नेटही बंद. दुसरा: "वायर तुटली तर कोण येतं आणि किती दिवसांत?" रस्त्याच्या कामाला जेसीबी आला की फायबर तुटतेच, त्यात कोणाचा दोष नाही. प्रश्न जोडायला कधी येतात याचा आहे. शेजारच्या तीन घरांत विचारा, खरं उत्तर तिथं मिळतं.

घरात आलेली पिवळी बारीक वायर ही काच आहे, हे घरातल्या सगळ्यांना सांगा. कपाट सरकवताना ती दाबली, खिळ्याला गच्च बांधली, काटकोनात वाकवली की गेली. टोकाला हिरवं क्लिप असतं, ते काढून फुंकर मारू नका आणि बोट तर लावूच नका. नेट बंद पडलं की आधी राउटरवरचे, म्हणजे नेटच्या डब्यावरचे, दिवे बघा. 'एलओएस' नावाचा दिवा लाल लुकलुकत असेल तर दोष वायरीत आहे. राउटर दहा वेळा बंद-चालू करून काही होणार नाही, फोन करा. तो दिवा लाल नसेल आणि तरी नेट नसेल, तर बंद करून दोन मिनिटांनी चालू करा, बहुतेक वेळा येतं. हे एवढं ओळखता आलं तरी माझ्यासारख्याच्या अर्ध्या चकरा वाचतात.

आता भिंती. आमच्याकडच्या जुन्या धाब्याच्या घरांच्या मातीच्या भिंती हातभर जाड. उन्हाळ्यात गारवा देतात, पण वायफाय गिळून टाकतात. ओसरीत राउटर आणि मधल्या घरात टीव्ही, म्हणजे चित्र गोल-गोल फिरत बसणार. वायफाय शोधलं की राउटरची दोन नावं दिसतात, त्यातलं ५ गिगाहर्ट्झचं वेगवान पण जवळच चालणारं, २.४ चं हळू पण भिंतीतून बरं जाणारं. टीव्ही दुसऱ्या खोलीत असेल तर २.४ ला जोडून बघा. खरा उपाय मात्र लॅनची वायर, म्हणजे वायफायऐवजी वायरीतून नेट. टीव्हीला मागं लॅनचं भोक असेल तर राउटरपासून थेट वायर ओढून घ्या. दर मीटर लांबीमागं भाव असतो, फार नाही. लाइनमन आलाच आहे तेव्हाच सांगा, नंतर बोलावलं तर चहा पाजावा लागतो.

तपासणी नेहमी टीव्हीजवळ उभं राहून करा, राउटरजवळ नाही, आणि रात्री आठ-नऊच्या सुमारास करा. सकाळी अकराला सगळ्यांचंच नेट पळतं.

लाइट हा वेगळा विषय. राउटरचा प्लग इन्व्हर्टरच्या बोर्डावर घ्या. इन्व्हर्टर नसेल तर राउटरसाठी छोटा यूपीएस (बॅटरीचा डबा) मिळतो. तो घेताना राउटरच्या अडॅप्टरवर काय छापलंय ते वाचा, बहुधा १२ व्होल्ट आणि एक किंवा दीड अँपिअर असतं. व्होल्ट तंतोतंत तेवढेच हवेत, अँपिअर तेवढे किंवा जास्त. टीव्ही बंद झाला तरी मोबाइलवर मॅच तेवढी संपवता येते.

टीव्हीच्या मागं काय आहे

टीव्ही भिंतीपासून पुढं ओढा आणि टॉर्च लावून मागं बघा. चपटं, दोन कोपरे कापल्यासारखं एचडीएमआयचं भोक असेल तर टीव्ही साधा असला तरी चालतो, त्यात स्टिक लावता येते. फक्त लाल-पांढरी-पिवळी भोकं असतील, म्हणजे जुना पेटीवाला टीव्ही, तर स्टिकच्या फंदात पडू नका. मध्ये कन्व्हर्टर लावून चित्र येतं, पण अक्षरं इतकी फुसकट दिसतात की मेनू वाचता येत नाही, आणि काही ॲप त्यातून चालतच नाहीत. अशा टीव्हीला दूरदर्शनची फ्री डिश लावा. २००४ पासून चालू आहे, महिन्याचं भाडं शून्य, एकदा छत्री (डिश) आणि डबा घेतला की झालं. डबा घेताना एमपीईजी-४ चा मागा, त्यात जास्त चॅनेलं पकडतात. छत्रीचं तोंड आपल्या खान्देशातून आग्नेयेला आणि बऱ्यापैकी वर राहतं, त्या दिशेला निंबाचं झाड किंवा पाण्याची टाकी नको. जोराच्या पावसात चित्र जातं, पाऊस ओसरला की परत येतं.

स्मार्ट टीव्ही आधीच असेल तर बहुधा स्टिकची गरज नाही. आधी त्यातच ॲप टाकून बघा. पण बाजारात स्वस्तात मिळणारे, नाव न ऐकलेले 'अँड्रॉइड' टीव्ही आणि डबे सांभाळून घ्या. त्यांत गुगलची मान्यता नसलेलं सॉफ्टवेअर भरलेलं असतं, त्यामुळे मोठी ॲप उतरत नाहीत, उतरली तरी चित्र धूसर ठेवतात. चोरी होऊ नये म्हणून ॲपवाले वाइडव्हाइन नावाचं कुलूप वापरतात आणि त्याची वरची पायरी, एल१, या यंत्रांत नसते. दुकानदार म्हणेल, "सगळं चालतं." त्याला म्हणा, "मग इथंच लावून दाखव." दुकानाच्या वायफायवर तुमच्या यादीतलं ॲप उघडून एक भाग पाच मिनिटं बघा. त्याने टाळाटाळ केली तर उत्तर मिळालं.

'आयुष्यभर सगळी चॅनेलं फुकट' असं सांगून मोबाइलमध्ये एखादी फाइल टाकून देणारेही भेटतात. ते चोरीचं असतं, आठ दिवसांत बंद पडतं, आणि त्याच मोबाइलवर तुमचं बँकेचं ॲप असतं, एवढं लक्षात ठेवा.

स्टिक लावताना दोन गोष्टी बहुतेक जण सोडून देतात. एक, स्टिकला वीज टीव्हीच्या यूएसबी भोकातून देऊ नका. साध्या यूएसबीतून अर्धा अँपिअर मिळतो, स्टिकला एक लागतो, मग ती मधेच बंद होऊन परत चालू होत बसते. सोबत आलेला अडॅप्टर बोर्डात लावा. दोन, गरमी. आमच्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळीसला टेकतो, वर पत्र्याचं छत, आणि स्टिक टीव्ही व भिंतीच्या मधल्या फटीत कोंबलेली. दुपारी ती इतकी तापते की हात लावला तर चटका बसतो, आणि मग चित्र अडकतं. सोबत दिलेली आखूड एचडीएमआय वायर लावून ती बाजूला मोकळ्या हवेत लटकू द्या. राउटरही पत्र्याला चिकटून ठेवू नका.

आजीची बैठक

इथं घाई करू नका. तासभर काढा, संध्याकाळची मालिका सुरू व्हायच्या आधीचा.

रिमोटवरचं इनपुट किंवा सोर्सचं बटण दाबून ज्या भोकात स्टिक लावली तो एचडीएमआयचा नंबर निवडा. वायफाय जोडा. पासवर्ड रिमोटने एकेक अक्षर शोधत टाकावा लागतो, तेव्हा तो आधी कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून घ्या. मग खातं जोडायचं. बहुतेक ॲप पडद्यावर एक क्यूआर कोडची चौकट किंवा सहा-आठ अक्षरांचा कोड दाखवतात. चौकट मोबाइलने स्कॅन करा, झालं काम.

आता सेटिंगमध्ये जाऊन एचडीएमआय-सीईसी चालू करा. टीव्हीच्या कंपनीप्रमाणे त्याचं नाव वेगळं असतं, पण काम एकच: स्टिकच्या रिमोटने टीव्ही चालू होतो आणि आवाजही कमी-जास्त होतो. म्हणजे आजीच्या हातात एकच रिमोट. दुसरा रिमोट कपाटात ठेवा, दिसेल असा ठेवू नका.

मग मुखपृष्ठ, म्हणजे चालू केल्यावर दिसणारा पहिला पडदा, साफ करा. पहिल्या ओळीत डावीकडून आजीचं ॲप, शेजारी यूट्यूब, तिसरं बातम्यांचं. बाकीची ॲप काढून टाका किंवा मागं सारा. ॲपमध्ये तिच्या नावाचं वेगळं प्रोफाइल करा, नाहीतर पोरांच्या कार्टूनखाली तिची मालिका गाडली जाते. भाषा मराठी निवडता येत असेल तर निवडा. मालिका एकदा लावून दिली की पुढच्या वेळी 'पुढे पाहा'च्या ओळीत ती पहिलीच येते. म्हणजे आजीला करायचं एवढंच: चालू, मधलं बटण, परत मधलं बटण.

आता उठा आणि रिमोट तिला द्या. तुम्ही हात लावायचा नाही. एका घरी आजीबाईंनी रिमोट हातात घेतला, माइकचं बटण दाबलं आणि खणखणीत आवाजात विचारलं, "मनी सिरियल कोठे गयी रे?" (माझी मालिका कुठे गेली?) पडद्यावर भलतंच काहीतरी आलं. अहिराणी त्या माइकला कळत नाही. पण मालिकेचं नाव तेवढं सरळ म्हटलं की बहुतेक वेळा सापडतं, आणि आजीबाईंना ते पंधरा मिनिटांत जमलं. न जमणारी गोष्ट वेगळीच निघाली. केबलवर मालिका सातला सुरू व्हायची, म्हणून त्या पावणेसातला देवापाशी दिवा लावून येऊन बसायच्या. ॲपवर मालिकेला वेळच नाही, कधीही लावा. त्यांना ते खोटं वाटलं. शेवटी घरातल्यांनी ठरवलं की सातलाच लावायची. तुमच्याकडेही असं होईल, तेव्हा आजीला नियम शिकवत बसू नका. तिच्या वेळेला लावून द्या.

पोरांसाठी प्रोफाइलला पिन टाका, आणि पिन आजीला सांगू नका. ती नातवाला सांगते.

वर्गणी

यादीतलं एकच ॲप घ्या, तेही आधी कमीत कमी मुदतीचं. घेताना 'मोबाइल' प्लॅन की टीव्हीवर चालणारा, हे दोनदा वाचा. मोबाइलचा स्वस्त प्लॅन टीव्हीवर चालत नाही. जिओहॉटस्टार सुरू झालं तेव्हा तीन महिन्यांना मोबाइल १४९ आणि टीव्हीवर चालणारा २९९ असा फरक होता. दर बदलत राहतात, फरक राहतोच. त्याआधी आपल्या मोबाइलच्या आणि फायबरच्या प्लॅनमध्ये काय फुकट येतंय ते बघा. रिचार्जबरोबर आलेली वर्गणी घरात पडलेली असते आणि माणूस वेगळे पैसे भरतो. फुकट आलेलीही टीव्हीवर चालते की नुसती मोबाइलवर, ते तपासा.

एका खात्यावर एकाच वेळी किती पडदे चालतात यालाही मर्यादा असते. एरवी जाणवत नाही. आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, लेकी माहेरी आल्या, जावई आले, प्रत्येकाने आपापल्या मोबाइलवर घरचंच खातं उघडलं, की टीव्हीवर 'मर्यादा संपली' असा निरोप येतो आणि आबा म्हणतात नेट गेलं. नेट गेलेलं नसतं.

पैसे यूपीआयने भरताना ऑटोपे चालू होतो. कापायच्या चोवीस तास आधी मेसेज येतो, तो कोणी वाचत नाही. तुमच्या यूपीआय ॲपमध्ये ऑटोपेचा विभाग आहे, तिथं जाऊन आत्ताच बघा काय काय चालू आहे. नको ते बंद करा, भरलेली मुदत संपेपर्यंत ॲप चालतंच.

आणि हे घरातल्या सगळ्यांना वाचून दाखवा: स्टिक किंवा ॲप चालू करायला 'ॲक्टिव्हेशन फी' कधीच लागत नाही. काही अडलं की लोक गुगलवर कस्टमर केअरचा नंबर शोधतात, वर आलेला नंबर ठगाचा निघतो, तो फीच्या नावाखाली पैसे मागतो किंवा मोबाइलमध्ये एखादं ॲप टाकायला लावून खातंच रिकामं करतो. नंबर घ्यायचा तो डब्यावर छापलेला किंवा ॲपच्या आतला. पैसे गेलेच तर वेळ न घालवता १९३० वर फोन करा.

क्रिकेटवाल्यांना एक इशारा. नेटवरचा सामना केबलपेक्षा थोडा मागं असतो, कधी अर्ध्या मिनिटाच्याही वर. तुमच्याकडे गोलंदाज अजून धावतोय आणि शेजारच्या केबलवाल्या घरातून आरोळी येते. यावर इलाज नाही. देशाच्या दृष्टीने महत्त्वाचे ठरवलेले सामने २००७ च्या कायद्यामुळे दूरदर्शनला मिळतात आणि ते फ्री डिशवर डीडी स्पोर्ट्सला दिसतात, म्हणून काही लोक स्टिकबरोबर छत्रीही ठेवतात. नेट बंद असलं की तेवढ्यापुरतं बातम्या-मालिकांचंही भागतं. मला हा जोड आवडतो, छत्रीला एकदाच खर्च आणि महिन्याचं काही नाही.

केबल बंद करताना

महिनाभर दोन्ही चालू ठेवा. एवढा एक महिना दोनदा पैसे गेले तर जाऊ द्या. त्या महिन्यात घरातल्यांनी केबलचा रिमोट किती वेळा उचलला ते बघा. आजीने एकदाही उचलला नाही तर ठरलं. खात्री होत नसेल तर कायमचं तोडण्याआधी जोडणी काही काळ बंद ठेवायला सांगा, तशी सोय असते.

बंद करायचं तोंडी सांगून सोडू नका. केबलवाला ओळखीचा असतो, "हो दादा, करतो" म्हणतो आणि पुढच्या महिन्याचं बिल येतं. मेसेज करा, तारीख लिहा. डबा तुम्ही विकत घेतलेला की भाड्याचा, हे जुन्या पावतीवर दिसतं. २०१६-१७ च्या सुमारास गावोगावी सेटटॉप बॉक्स सक्तीचे झाले, तेव्हाची पावती बऱ्याच घरांत अजून रेशनकार्डाच्या पिशवीत असते. भाड्याचा किंवा अनामत भरलेला असेल तर डबा, रिमोट, अडॅप्टर आणि आतलं कार्ड, चारही परत द्या, डब्याचा नंबर लिहिलेली पोच घ्या आणि अनामत मागा. मागितल्याशिवाय कोणी देत नाही. पुढच्या महिन्यांचे आगाऊ भरले असतील तर त्याचाही हिशोब तिथंच करा.

गच्चीवर चढून काळी वायर स्वतः तोडू नका. तुमच्या गच्चीवरून पुढच्या तीन-चार घरांना फाटे गेलेले असतात. तुम्ही विळ्याने छाटली की गल्लीचा टीव्ही बंद आणि भांडण तुमच्या दारात. पत्र्याच्या पेटीत ॲम्प्लिफायर (केबलचा सिग्नल वाढवणारं यंत्र) बसवलेला असेल तर तो तुमच्याच मीटरवरून लाइट घेत असण्याची शक्यता आहे, कारण जिथं ॲम्प्लिफायर तिथं केबल फुकट, असा जुना व्यवहार असायचा. तुमची केबल गेली म्हणजे तो व्यवहार संपला. पेटी हलवायला सांगा, पण दुसरी गच्ची शोधायला केबलवाल्याला चार दिवस द्या, आणि तोवर पेटीचं बटण बंद करू नका.